पंच्याऐंशी कार्डं आणि मागे पडलेली दहा पुस्तकं



पीएचडीच्या तयारीला लागलेल्यांकडून एक प्रश्न मला हमखास येतो. लिटरेचर रिव्ह्यू करताना जुनं किती वाचायचं? नंतरच्या कामाने खोडून काढलेले पेपर, बदललेल्या आवृत्त्या, मागे पडलेल्या कल्पना, यांच्यावर वेळ का घालवायचा? शेवटचा चांगला रिव्ह्यू पेपर गाठला, त्यातून विषय समजून घेतला, की झालं की!

प्रश्न रास्त आहे. वेळ खरंच कमी असतो. पण याचं उत्तर सरळ उपदेश करून देण्यापेक्षा मी आज तुम्हाला एक इतिहास सांगते. विषय ऐकून हसू नका. विषय आहे पत्त्यांच्या खेळावर लिहिलेल्या कादंबऱ्या. मी विज्ञान शाखेची, त्यामुळे साहित्यसमीक्षा वगैरे करणार नाही. मला यात रस आहे तो साधनांसाठी. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा लिहिली जाते, तेव्हा प्रत्येक वेळी काय गळतं, हे बघायला यासारखं आटोपशीर उदाहरण सापडणं कठीण. सगळा मामला जेमतेम तीस वर्षांचा आहे आणि जवळजवळ सगळे कागद छापील आहेत.

आधी खेळ समजून घेऊ

खेळाचं नाव 'मॅजिक: द गॅदरिंग'. तो तयार केला रिचर्ड गारफिल्डने. हा माणूस तेव्हा अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात गणितात, कॉम्बिनेटोरिक्समध्ये, पीएचडी करत होता. १९९३ मध्ये त्याची पीएचडी झाली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये खेळही बाजारात आला. (थिसिस लिहिता लिहिता 'दुसरं काहीतरी' करणाऱ्यांना हे उदाहरण गाईडसमोर वापरता येईल, पण जपून.) खेळ काढणारी कंपनी होती 'विझर्ड्स ऑफ द कोस्ट', पीटर ॲडकिसनची, वॉशिंग्टन राज्यातली. संमेलनांमध्ये दोन मोठ्या खेळांच्या मधल्या वेळेत चटकन खेळता येईल असं काहीतरी त्याला हवं होतं.

आपल्या नेहमीच्या पत्त्यांच्या कॅटात ५२ पानं असतात आणि ती सगळ्यांसाठी सारखीच. इथे तसं नाही. पहिल्या संचातच २९५ वेगवेगळी कार्डं होती. ती बंद पाकिटात मिळत आणि कोणतं कार्ड निघेल ते आधी कळत नसे. प्रत्येकाने आपला कॅट आपणच जुळवायचा. खेळणारा म्हणजे एक जादूगार आणि त्याची कार्डं म्हणजे त्याचे मंत्र, प्राणी, यंत्रं, जमिनी.

आता कार्डाचा आकार बघा: ६३ गुणिले ८८ मिलिमीटर. त्यात नाव, चित्र, किंमत, नियम हे सगळं बसवायचं. उरलेल्या जागेत, जागा उरली तर, तिरक्या अक्षरात एखाददुसरं वाक्य. या वाक्याचा डावावर काही परिणाम होत नाही. ते फक्त सांगतं की या वस्तूमागे काहीतरी गोष्ट आहे. आपण ज्या कादंबऱ्यांबद्दल बोलणार आहोत त्यांचं बी या तिरक्या वाक्यात आहे.

साधन पहिलं: ८५ कार्डं

खेळाची पहिली पुरवणी डिसेंबर १९९३ मध्ये आली. तिचा आधार 'अरेबियन नाइट्स' होता, म्हणजे गोष्ट आयती होती. दुसरी पुरवणी मार्च १९९४ मध्ये आली. तिचं नाव 'अँटिक्विटीज', म्हणजे पुराणवस्तू. ती रचली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या वर्तुळातल्याच खेळाडूंनी, स्कॅफ एलियस आणि त्याच्या साथीदारांनी. हेच लोक खेळ बाजारात येण्याआधी तो खेळून तपासत होते. या संचात ८५ वेगवेगळी कार्डं होती आणि खेळाची स्वतःची अशी पहिली मोठी कथा त्यांच्यात होती.

कथा होती उर्झा आणि मिश्रा या दोन भावांच्या युद्धाची. (मिश्रा हे इथे आडनाव नाही, नाव आहे.) पण ती सांगितली कशी? सलग कुठेच नाही. एका कार्डावर उर्झाची खाण, दुसऱ्यावर उर्झाचा मनोरा, तिसऱ्यावर मिश्राचा कारखाना. अ‍ॅश्नॉड नावाच्या कोणा बाईची वेदी. तॉनोस नावाच्या कोणाची शवपेटी. एक कार्ड चक्क पुरातत्त्वज्ञाचं. युद्ध कधीच संपलेलं आहे, माणसं गेलेली आहेत आणि उरलेल्या यंत्रांचे तुकडे आपल्या हातात येताहेत, अशी सगळी मांडणी.

यातलं एक कार्ड लक्षात ठेवा: 'ऑर्निथॉप्टर', म्हणजे पंख फडफडवत उडणारं यंत्र. त्यावरच्या तिरक्या मजकुराचा आशय असा: बऱ्याच अभ्यासकांना वाटतं की यांत्रिक जीव घडवण्याचा हा उर्झाचा पहिला प्रयत्न असावा, आणि कदाचित तो तोकासियाकडे उमेदवारी करत असतानाच्या काळातला असावा.

'बऱ्याच अभ्यासकांना वाटतं', 'असावा', 'कदाचित'. हे कार्ड युद्धाच्या काळातलं बोलतच नाही. ते फार नंतरच्या, अंदाज बांधणाऱ्या माणसाच्या तोंडून बोलतं. आपल्या भाषेत सांगायचं तर हे प्रायमरी सोर्स नाही. ही एका हरवलेल्या प्रबंधातली तळटीप आहे. आणि तिचा लेखक प्रामाणिक आहे, जे माहीत नाही ते माहीत नाही असंच लिहितो.

साधन दुसरं: पहिली दहा पुस्तकं

१९९४ मध्येच कादंबऱ्या सुरू झाल्या. त्या कंपनीने स्वतः छापल्या नाहीत. त्या काढल्या 'हार्परप्रिझम' या प्रकाशनाने. पहिली कादंबरी 'अरेना', लेखक विल्यम फोर्स्टचेन. हा गृहस्थ इतिहासात पीएचडी केलेला, युद्धांच्या इतिहासाचा अभ्यासक. त्यानंतर १९९६ पर्यंत क्लेटन एमरी, टेरी मॅक्लारेन, मार्क सम्नर, सोनिया ओरिन लायरिस वगैरे लेखकांच्या मिळून एकूण दहा कादंबऱ्या आल्या. शिवाय कॅथी आईसने संपादित केलेले दोन कथासंग्रह.

या पुस्तकांमागचा व्यवहार आधी बघा. पुस्तकात एक कुपन असायचं. ते भरून टपालाने पाठवलं की घरी एक खास कार्ड यायचं, पाकिटात न मिळणारं. अशी पाच कार्डं या पुस्तकांच्या निमित्ताने निघाली. त्यातलं 'मॅना क्रिप्ट' पुढे खेळातल्या सगळ्यात ताकदवान कार्डांपैकी एक ठरलं, इतकं की बऱ्याच स्पर्धाप्रकारांमध्ये त्यावर बंदी किंवा मर्यादा आली. म्हणजे पुस्तक घेणाऱ्यांतल्या कितीकांना गोष्ट हवी होती आणि कितीकांना कुपन, हे पुस्तकाच्या खपावरून कधीच कळणार नाही. खपाचा आकडा बघून 'लोकांना आवडलं' असं लिहायचा मोह झाला तर हे कुपन आठवा.

आता 'अरेना'ची गोष्ट. गार्थ नावाचा एकाक्ष माणूस एका शहरात येतो. तिथे जादूगारांची चार घराणी आहेत, प्रत्येकाचा एक रंग. उत्सवात त्यांचे लढवय्ये आखाड्यात उतरतात. गार्थला एका नष्ट केलेल्या पाचव्या घराण्याचा सूड घ्यायचा आहे. आता अडचण अशी की खेळातले रंग पाच: पांढरा, निळा, काळा, तांबडा, हिरवा. कादंबरीतल्या घराण्यांचे रंग नारिंगी, जांभळा, तपकिरी, करडा! खेळाशी काही मेळच नाही. पुढच्या अधिकृत कथेतही या घराण्यांना फारशी जागा उरली नाही. एखादा चाहता म्हणेल, चुकीचं पुस्तक, सोडून द्या.

थांबा. त्याच कादंबरीतले जादूगार आपले मंत्र एका पिशवीत घेऊन फिरतात. लढतीआधी मंत्र पणाला लावतात आणि हरणाऱ्याचा मंत्र जिंकणाऱ्याच्या पिशवीत जातो. हे कुठून आलं? १९९३ च्या मूळ नियमांतून. तेव्हा डाव सुरू होण्याआधी प्रत्येकाने आपल्या कॅटातलं एक कार्ड बाजूला काढून ठेवायचं आणि जो जिंकेल त्याने दोन्ही कायमची न्यायची, असा नियम होता. गारफिल्डची कल्पना अशी की कार्डं हातोहात फिरत राहतील. पण पैसे देऊन घेतलेलं कार्ड गमवायला लोक तयार नसत, शिवाय हा प्रकार जुगाराच्या अंगाने जाणारा. नियम आधी ऐच्छिक झाला आणि मग व्यवहारातून गेलाच. आज खेळणाऱ्या बहुतेकांनी तो कधी अनुभवलेला नाही.

म्हणजे 'अरेना' हे पुस्तक त्या काल्पनिक जगाचा इतिहास म्हणून कुचकामी आहे. पण १९९४ साली हा खेळ लोकांच्या डोक्यात कसा होता, याचं ते उत्तम साधन आहे. नियमपुस्तिका फक्त नियम सांगते. आपल्या आवडीची वस्तू डावावर लागल्यावर पोटात कसा गोळा येतो, ते कादंबरी सांगते.

एमरीच्या तीन कादंबऱ्यांचंही तसंच. त्यातला नायक गल हा लाकूडतोड्या. दोन जादूगारांच्या भांडणात त्याचं गाव उद्ध्वस्त होतं. खेळात आपण बिनधास्त एक कार्ड टाकतो आणि म्हणतो, 'हा माझा सैनिक'. इथे लेखक विचारतो की ज्याला असं ओढून आणलं त्याच्या घरी तेव्हा काय चाललं होतं? नंतरच्या अधिकृत कथांचा झोत बलाढ्य जादूगारांवर गेला आणि हा प्रश्न बराच मागे पडला.

१९९८: नीटनेटका इतिहास येतो

१९९७ मध्ये विझर्ड्स ऑफ द कोस्टने 'टीएसआर' ही कंपनी विकत घेतली. टीएसआर म्हणजे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' काढणारे लोक. त्यांच्याकडे कादंबऱ्या छापायचा मोठा अनुभव आणि लेखकांचा ताफा होता. आता बाहेरच्या प्रकाशनाची गरज उरली नाही. १९९८ मध्ये घरचीच कादंबरी आली: 'द ब्रदर्स वॉर', लेखक जेफ ग्रब. शिक्षणाने सिव्हिल इंजिनिअर, टीएसआरमध्ये मुरलेला लेखक. विषय तोच, उर्झा आणि मिश्रा. त्यापुढे लिन ॲबी, जे. रॉबर्ट किंग आणि लॉरेन कोलमन यांनी एकेक कादंबरी लिहून ही चार पुस्तकांची माळ १९९९ पर्यंत पूर्ण केली.

ग्रबपुढचं काम विचारात घ्या. ८५ कार्डं आहेत. मधल्या काळात 'अक्लेम' कंपनीने याच युद्धावर कॉमिक्स काढलेली आहेत. यातून सुरुवात, मध्य आणि शेवट असलेली सलग कथा करायची आहे. त्याने ती केली, आणि पुस्तक खरंच चांगलं झालं. दोघं भाऊ तोकासिया नावाच्या पुरातत्त्वज्ञ बाईच्या उत्खननावर लहानाचे मोठे होतात. एका गुहेत त्यांना एक तेजस्वी खडा सापडतो, तो दुभंगतो, प्रत्येकाकडे अर्धा जातो आणि वैर सुरू होतं. तोकासिया त्यांच्याच भांडणात मरते. मिश्रा वाळवंटातल्या टोळ्यांकडे पोचतो, उर्झा क्रूग शहरात एका घड्याळजीकडे. मग राज्यं, यंत्रांची सैन्यं, खाणींसाठी उकरलेल्या टेकड्या, तोडलेली जंगलं. शेवटी एका अस्त्राचा असा स्फोट की त्यातून पुढे हिमयुग येतं.

आता आपल्या ऑर्निथॉप्टरकडे परत चला. कार्डावरचे अभ्यासक म्हणत होते की तो उर्झाचा पहिला प्रयत्न असावा, कदाचित. कादंबरीत हे यंत्र उत्खननात सापडतं. ते फार जुन्या, नामशेष झालेल्या थ्रान लोकांचं आहे आणि मुलं ते दुरुस्त करतात. म्हणजे अभ्यासकांचा काळाचा अंदाज जवळपास बरोबर, पण कर्ता चुकला. कादंबरीकाराला इथे दोष नाही. कादंबरी 'कदाचित'वर चालत नाही. दृश्य लिहायचं तर यंत्र कोणाच्या हातात आहे ते ठरवावंच लागतं.

पण वाचणाऱ्याचं काय होतं बघा. कादंबरी वाचल्यावर कार्डावरचं वाक्य कोणाला आठवत नाही. सगळे म्हणतात, 'ऑर्निथॉप्टर थ्रानांचं होतं.' मधला 'कदाचित' कोणी पुसला, कधी पुसला, कशाच्या आधारावर पुसला, हे विचारायला कोणी थांबत नाही.

मराठी वाचकाला हा प्रकार नवा नसावा. बखर आणि अस्सल पत्र यांतला फरक आपल्याकडे शाळेपासून कानावर असतो. बखर वाचनीय असते, माणसं उभी करते, संवाद देते. पत्र तुटक असतं, अर्ध्यात सुरू होतं, हिशेबावर संपतं. म्हणून बखर टाकाऊ ठरत नाही. पण ती कोणी, कधी, कोणाच्या सांगण्यावरून लिहिली, हे विचारल्याशिवाय आपण तिचा हवाला देत नाही. कार्डं म्हणजे पत्रं, ग्रबची कादंबरी म्हणजे बखर, असं धरलं तर पुढचं सगळं सोपं जाईल.

गंमत म्हणजे ग्रबला हे कळत होतं असं दिसतं. या जगात 'द अँटिक्विटीज वॉर' नावाचं एक काल्पनिक महाकाव्य आहे. इतर कार्डांवर त्याचे तुकडे येतात, आणि त्याची कवयित्री कायला बिन-क्रूग. ग्रबच्या कादंबरीत ही कायला कोण आहे? उर्झाची बायको. आणि तिचा मुलगा हार्बिन उर्झाचा की मिश्राचा, हा संशय कादंबरी मिटवत नाही. म्हणजे ज्या महाकाव्यावरून पुढच्या पिढ्यांना युद्ध कळलं, त्याची लेखिका त्या भांडणातलीच एक पक्षकार. तिने काय लिहिलं असेल आणि काय गाळलं असेल? मला विचाराल तर पुस्तकातला सगळ्यात मोलाचा धडा हाच आहे.

या १९९८ च्या वळणाआधीचं जे होतं त्याला चाहते 'प्री-रिव्हिजन' म्हणतात, म्हणजे फेरमांडणीच्या आधीचं. नव्या कथेशी जिथे पटत नाही तिथे जुनं बाजूला. हार्परप्रिझमची दहा पुस्तकं अशी मागे गेली. तरी गेली म्हणजे संपली असं नाही. २०२१ च्या 'मॉडर्न होरायझन्स २' या संचात एकाक्ष गार्थचं कार्ड आलं. कादंबरीनंतर सत्तावीस वर्षांनी! त्या कार्डावर खेळाच्या सुरुवातीच्या काळातले मंत्र एकेक करून वापरता येतात. कोणीतरी ते मागे पडलेलं पुस्तक जपून वाचलं होतं, म्हणूनच हे झालं.

आधी खेळ, मग कथा

आतापर्यंत आपण बघितलं की कार्डं आधी आणि कथा कादंबरीकाराने रचलेली. याच्या उलट वाटेने गेलेला एक खेळ आहे. 'लेजंड ऑफ द फाइव्ह रिंग्ज', १९९५ चा. जग काल्पनिक, पण जपानी सामुराईंच्या परंपरेवर बेतलेलं. प्रत्येक खेळाडू एका कुळाचा. इथे मोठ्या स्पर्धांचे निकाल कथेत घेतले जात. १९९७ मध्ये 'जेन कॉन' या संमेलनात 'डे ऑफ थंडर' नावाची स्पर्धा झाली आणि कथेच्या पहिल्या पर्वाचा शेवट तिथे ठरला. त्यावर आधारित 'क्लॅन वॉर' ही सात कादंबऱ्यांची मालिका २००० ते २००२ मध्ये आली, एकेका कुळाला एकेक पुस्तक.

म्हणजे काय झालं? आधी टेबलावर माणसं खेळली, कोणी जिंकलं, कोणी हरलं. मग तीन ते पाच वर्षांनी लेखकांनी ते 'घडलं' म्हणून लिहिलं. कादंबरीत विजय धैर्याने, नियतीने मिळतो. टेबलावर तो चांगला कॅट, सराव आणि पानं कशी पिसली गेली यावर मिळाला असणार. पत्ते पिसण्यातला योगायोग कादंबरीत शिरला की त्याला कारण चिकटतं. प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांनी हे नीट ऐका. आठ वेळा न जमलेला प्रयोग नवव्या वेळी जमतो आणि पेपरमध्ये तो 'आम्ही ही परिस्थिती निवडली' असा लिहिला जातो. यात खोटं काही नसतं. पण आधीची आठ पानं फक्त लॅब नोटबुकमध्ये असतात.

नावं बदलतात तेव्हा

मॅजिकच्या कादंबऱ्यांचं पुढे काय झालं ते थोडक्यात सांगते. पहिल्या दशकात जवळजवळ प्रत्येक मोठ्या संचाला कादंबरी असे. मग छापील पुस्तकं कमी झाली, काही फक्त ई-बुक म्हणून आली. २०१५ पासून मुख्य कथा कंपनीच्या संकेतस्थळावर, फुकट वाचायला मिळू लागली. २०१९ मध्ये ग्रेग वाइसमनच्या 'वॉर ऑफ द स्पार्क' या दोन कादंबऱ्या छापून आल्या. दुसऱ्या पुस्तकात चंद्रा आणि निसा या दोन नायिकांमधलं नातं ज्या पद्धतीने झटकून टाकलं होतं त्यावर वाचकांनी कडाडून टीका केली. २०२३ च्या कथेत त्या दोघींचं प्रेम उघडपणे आलं. आज फक्त २०२३ ची कथा वाचणाऱ्याला सगळं सुरळीत वाटेल. वाचकांनी भांडून गोष्ट वळवली, हे त्याला कळायचं तर २०१९ चं नावडतं पुस्तकच उघडावं लागेल.

आणखी एक उदाहरण आपल्या जवळचं आहे. या चंद्राचं मूळ जग २०१६ मध्ये एका संचात सविस्तर आलं. पेहराव, नक्षी, नावं, सगळं भारतीय वळणाचं. त्या जगाचं नाव ठेवलं होतं 'कलादेश'. इंग्रजी अक्षरांत ते 'काला देश' असंही वाचता येतं, आणि आपल्या कानाला ते लगेच खटकतं. २०२५ च्या 'एथरड्रिफ्ट' संचात त्याच जगाचं नाव 'आविष्कार' झालं. कथेतही कारण दिलं: तिथली राजवट उलथली आणि लोकांनी नवं नाव घेतलं.

बदल चांगला झाला असं माझं मत. पण संशोधक म्हणून विचार करा. पाच वर्षांनी कोणी 'आविष्कार' हा शब्द टाकून शोधलं तर २०१६ ची कार्डं, कथा, चर्चा यांतलं फारसं काही हाताला लागणार नाही, कारण तिथे सगळीकडे जुनं नाव आहे. आपल्या विषयांतही असंच होतं. वनस्पतींची शास्त्रीय नावं बदलतात, आजारांची नावं बदलतात, शहरांची बदलतात. शोधताना फक्त आजचा शब्द टाकला की अर्धं वाङ्मय अदृश्य. लिटरेचर रिव्ह्यू सुरू करताना पहिल्या दिवशी आपल्या विषयातल्या मुख्य संज्ञांची जुनी नावं लिहून काढा. तास-दोन तासांचं काम आहे, पण पुढचे कित्येक आठवडे वाचतात.

आता तुमच्या प्रश्नाकडे

जुनं, मागे पडलेलं वाचायचं का? हो, पण सरसकट सगळं नाही. माझी पद्धत सांगते, पटली तर घ्या.

एक. रिव्ह्यू पेपरमधली जी विधानं तुमच्या प्रपोजलचा पाया आहेत, अशी चार-पाचच निवडा. प्रत्येकाचा मूळ पेपर काढा. तिथे लेखकाने 'असू शकतं' म्हटलं होतं का 'आहे' म्हटलं होतं, ते बघा. 'कदाचित' मध्येच कुठे गळाला असेल तर ती जागा वहीत लिहून ठेवा. संशोधनाचा प्रश्न बरेचदा नेमका तिथेच दडलेला असतो.

दोन. प्रत्येक साधनावर दोन तारखा लिहा: ते कोणत्या काळाबद्दल बोलतं आणि ते कधी लिहिलं गेलं. 'अरेना' पहिल्या तारखेसाठी निकामी आणि दुसऱ्या तारखेसाठी सोनं आहे. तुमच्या विषयातला जुना, चुकीचा ठरलेला पेपरही तसाच असू शकतो. निष्कर्ष चुकला असेल, पण तेव्हाची उपकरणं कशी होती, नमुने कुठून घेतले, काय गृहीत धरलं होतं, हे तोच सांगतो.

तीन. कुपन शोधा. हे काम कोणासाठी झालं, पैसा कोणाचा, त्यासोबत वाचकाला काय मिळत होतं? संशय घेण्यासाठी हे विचारायचं नसतं. साधन कशाचा पुरावा आहे ते ठरवण्यासाठी विचारायचं.

चार. तुम्ही स्वतः थिसिस लिहाल तेव्हा तुम्ही ग्रबच्या जागी असाल. तुकडे समोर असतील आणि सलग कथा हवी असेल. गाईडला हवी असेल, परीक्षकांना हवी असेल, तुम्हालाही हवी असेल. ती जरूर लिहा. फक्त जिथे दोन तुकड्यांमधली जागा तुम्ही स्वतःच्या अंदाजाने भरली असेल, तिथे तसं स्पष्ट लिहा. कादंबरीकाराला ही सोय नसते, आपल्याला आहे.

यात धोकाही आहे, तो सांगायला हवा. मागे जाण्याची चटक लागली की माणूस मागेच जात राहतो. प्रत्येक संदर्भाचा संदर्भ, त्याचा संदर्भ, आणि वर्ष संपतं. म्हणून चार-पाच विधानंच म्हटलं. बाकीच्यांसाठी रिव्ह्यू पेपरवर विश्वास ठेवा आणि पुढे चला.

या आठवड्यात एक करून बघा. तुमच्या प्रपोजलमधलं असं एक वाक्य घ्या, ज्याच्या शेवटी 'आहे' आहे आणि कंसात संदर्भ आहे. तो संदर्भ उघडा, नेमकं ते पान काढा आणि मूळ लेखकाचं क्रियापद बघा. काय सापडलं ते मला कळवा. पुढच्या लेखात त्यातली उदाहरणं घेऊनच बोलू.